सत्तर जागांचा निरोप

सर ‘स्त्री’ हा शब्द मेसेजमध्ये येऊ देत नसत. मला कामाला लागून दोनच दिवस झाले होते. एका दवाखान्यासाठी मी ‘स्त्री आरोग्य तपासणी’ असं लिहून दिलं, तर त्यांनी पेनाने ‘स्त्री’ खोडून वर ‘महिला’ लिहिलं. मला वाटलं, माणूस जरा जुन्या वळणाचा असावा, या शब्दात त्यांना काहीतरी खटकत असावं. मी धीर करून विचारलं.

“स्त्रीला सहा जागा लागतात, पोरी,” ते म्हणाले. “महिला पाचात बसते.”

मला काही कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. साधा एसएमएस इंग्रजीत लिहिला तर एकशे साठ अक्षरं मावतात. मराठीत किंवा गुजरातीत लिहिला तर फक्त सत्तर. आणि त्या सत्तरात काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला पाय मोडलेला भाग, सगळ्यांना वेगळी जागा द्यावी लागते. म्हणून ‘शस्त्रक्रिया’ बारा जागा खाते आणि ‘ऑपरेशन’ सहा. सत्तरच्या वर एक जागा गेली की मेसेजचे दोन तुकडे होतात, आणि जुन्या फोनवर कधी दुसरा तुकडा आधी पोचतो.

“हे सत्तर ठरवलं कोणी?” मी विचारलं.

“परदेशात. एका टेबलाभोवती बसून. तिथं आपलं कोणी नव्हतं.”

“मग तुम्ही त्याची एवढी बाजू का घेता?”

“कारण ते लोक टेबल सोडून उठून गेले. आता ते कुणाचंच नाही.”

या उत्तरावर मी कितीतरी दिवस विचार केला. आपल्या भाषेला अर्ध्याहून कमी जागा देणारी व्यवस्था, आणि तिचा सगळ्यात मोठा कैवारी आमच्या ऑफिसात बसलेला. अजूनही मला ते नीट उलगडलेलं नाही.

आमचं ऑफिस सुरतेत, पर्वत पाटिया भागात, एका कापड मार्केटच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली साड्यांचे गठ्ठे चढायचे उतरायचे, वर आम्ही लोकांसाठी मेसेज पाठवायचो. साडीच्या दुकानांचे सेल, शाळांच्या सुट्ट्या, क्लासच्या परीक्षा आणि एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्याच्या तारखा. मालक गुजराती होते, त्यांना सगळे शेठ म्हणायचे. शेठ सरांना ‘भाऊ’ म्हणत. मजकूर लिहायचं काम सरांचं आणि माझं. मी नुकतीच बी. कॉम. झालेली. आमचं घर मूळचं धुळ्याकडचं, घरात तिकडचीच बोली; बाबा कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर होते. सर अकोल्याचे. ऑफिसात शुद्ध बोलायचे, पण चिडले किंवा गोंधळले की वऱ्हाडी बाहेर यायची. त्यावरून मला त्यांची मनःस्थिती कळायची.

ते सुरतेत आले ते पेजरच्या कंपनीत. हे यंत्र माझ्या पिढीने पाहिलेलंच नाही. सर सांगायचे, लोक फोन करून निरोप तोंडी सांगत आणि ऑपरेटर तो टाइप करून समोरच्याच्या कमरेवरच्या यंत्रावर पाठवत. सर असे ऑपरेटर होते. ‘वडील सीरियस, लगेच निघ’ हा निरोप त्यांनी इतक्यांदा टाइप केला होता की पुढे त्यांना फोन करणाऱ्याच्या श्वासावरूनच काय टाइप करायचंय ते कळायचं. आणि मग ती कंपनी बंद पडली. सर सकाळी कामावर गेले तर दाराला कुलूप. शहरातली सगळी यंत्रं त्या दिवसापासून मुकी.

“लोकांजवळ यंत्र होतं, बॅटरी होती, निरोप देणारा होता, घेणारा होता,” ते म्हणायचे. “फक्त मधला मालक उठून गेला. तर सगळं प्लास्टिक झालं.”

त्यामुळे त्यांनी एक नियम केला होता. ज्या मेसेजला एकच मालक आहे, तो मेसेज वापरायचा नाही. सगळं सुरत ज्या हिरव्या ॲपवर साड्यांचे फोटो पाठवतं, ते ॲप त्यांनी कधी घेतलं नाही. ग्राहक विचारायचे, “भाऊ, तमे एना पर छो के नहीं?” सर म्हणायचे, “मी इथंच आहे, तुमच्या समोर.” शेठ कपाळाला हात लावायचे. “भाऊ, साडीचा फोटो सत्तर अक्षरात कसा पाठवायचा?” त्यावर सर शांतपणे, “साडी बघायला माणसाने दुकानात यावं.”

पण त्यांची मुलगी पुण्यात होती आणि तिला लहान मुलगी होती. त्या मुलीचे फोटो त्याच ॲपवर यायचे, माझ्या फोनवर. जेवणाच्या सुट्टीत सर डबा उघडायच्या आधी माझ्याजवळ येऊन म्हणायचे, “काही आलंय का?” मी दाखवायची. नात पालथी पडली, नात रांगायला लागली, नातीने तोंडाला वरण फासलं. सर चष्मा कपाळावर सरकवून फोटो डोळ्यांशी नेऊन बघायचे. एकदा तिच्या हसण्याचा व्हिडिओ त्यांनी मला पाच वेळा लावायला लावला. मग फोन माझ्याकडे सरकवून म्हणाले, “ठेव ते आता. एका कंपनीचं आहे ते.” त्यांना यात काही विसंगत वाटत नसावं. की वाटत होतं आणि ते सांगत नव्हते, मला माहीत नाही.

मग तो नवा प्रकार आला. शेठ एका सकाळी मोबाइल उंच धरूनच आत आले. साध्या मेसेजच्याच डब्यात आता फोटो, दुकानाचं चिन्ह, खरेपणाची निळी खूण, बटणं, सगळं येणार होतं. सत्तरचं बंधन संपलं होतं.

“जुओ भाऊ, आ कोई एक कंपनीनुं नथी,” शेठ म्हणाले. मग सरांसाठी मराठी-हिंदीवर आले. “एका कंपनीचं नाही हे. तुम्हाला पाहिजे होतं ना, तेच आहे. हा स्टँडर्ड आहे, स्टँडर्ड! सगळ्या फोन कंपन्यांनी मिळून बनवला. जी परदेशी कंपनी इतकी वर्षं नाही म्हणत होती ना, तिने पण हो म्हटलं. कोणत्याही फोनवरून कोणत्याही फोनवर. आता बोला.”

सरांनी तो मोबाइल हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला, जणू मागच्या बाजूला काही लिहिलेलं सापडेल.

“कागदावर सगळ्यांचा आहे,” ते म्हणाले. “पण हा मेसेज इथून निघाला की कोणाच्या कॉम्प्युटरवर जातो?”

शेठनी कंपनीचं नाव सांगितलं. जगातली सगळ्यात मोठ्यांपैकी एक.

“आणि आपला मजकूर चांगला की वाईट, हे कोण ठरवणार?”

“तीच कंपनी. पण एका तासात मंजुरी देते भाऊ! आपल्या जुन्या एसएमएसला तर मजकुराचा साचा पास करून घ्यायला दोन-दोन दिवस लागतात. तिथे नाही का मालक? तिथे पण कोणीतरी बसलाच आहे ना शिक्का घेऊन?”

हे खरं होतं. एका माणसाने दुसऱ्याला साधा एसएमएस करायला कुणाची परवानगी लागत नाही, पण आमच्यासारख्यांना एकगठ्ठा पाठवायचे असतील तर प्रत्येक मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागे. सरच ते अर्ज भरायचे. ते म्हणाले, “तो शिक्का सरकारी नियमाचा आहे. त्याच्याशी भांडता तरी येतं.”

“तुम्ही कधी भांडलात?”

“नाही.”

“मग?”

“पण भांडता येतं,” सर म्हणाले.

त्या संध्याकाळी मी घरी जाताना दोघांचं म्हणणं मनात मांडून पाहिलं. शेठ बोलत होते तेव्हा शेठचं पटत होतं, सर बोलत होते तेव्हा सरांचं. मी मोबाइलवर याबद्दल वाचायलाही लागले. एकाने लिहिलं होतं की हा नवा स्टँडर्ड म्हणजे लोकांची सुटका आहे. दुसऱ्याने लिहिलं होतं, हा पिंजराच आहे, फक्त दार मोठं आहे. दोघंही त्याच गोष्टीबद्दल लिहीत होते. मी फोन बंद करून भाकरी थापायला बसले.

शेठनी नवा मार्ग घेतला. दुकानदार खूश झाले. सर जुन्याच मार्गाचे मजकूर लिहीत राहिले आणि मी दोन्हीचे.

पुढे डोळ्यांच्या दवाखान्याचं ते प्रकरण झालं. दवाखान्यात मोतीबिंदूच्या मोफत ऑपरेशनचं शिबिर होतं, शनिवारी. मंगळवारी दुपारी दवाखान्यातून फोन आला की बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांना शुक्रवारीच परत जायचंय, तर ऑपरेशनं शनिवारऐवजी गुरुवारी होतील. सगळ्यांना कळवा, आणि बुधवारपासून डोळ्यांत थेंब घालायला सांगा. जो चुकेल त्याला पुढचं शिबिर सहा महिन्यांनी.

तारीख बदलल्याचा मजकूर आमच्या जुन्या मंजूर साच्यांमध्ये नव्हता. नवा साचा मंजूर व्हायला दोन दिवस, म्हणजे गुरुवारच उजाडला असता. शेठनी नव्या मार्गाने पाठवायला सांगितलं. कंपनीने खरंच तासाभरात मंजुरी दिली. दवाखान्याच्या चिन्हासकट, निळ्या खुणेसकट मेसेज गेला. शेठ सरांकडे बघून हसले.

बुधवारी सकाळी मी यादी उघडली, तर एकेचाळीस जणांपुढे ‘पोचला नाही’. बटणांचे फोन, नाहीतर जुने फोन, नाहीतर नेटचा रिचार्ज संपलेला. असे मेसेज साध्या मार्गाने आपोआप वळायला हवे होते, पण साध्या मार्गाला तो साचाच मंजूर नव्हता.

सरांनी यादी घेतली. स्वतःचा बटणांचा फोन काढला आणि एकेकाला स्वतःच्या नंबरवरून एसएमएस करायला बसले. एक माणूस दुसऱ्याला करतो तसा, साधा. एकेचाळीस वेळा. मी नंबर वाचायची, ते टाइप करायचे. मजकूर त्यांनी बरोबर सत्तर जागांत बसवला होता. दीड तास लागला. शेवटचा मेसेज गेल्यावर त्यांनी मान ताठ केली आणि म्हणाले, “बघ. याला कोणाची मंजुरी लागली?”

अकरा वाजेपर्यंत दोन उत्तरं आली. एकाने ‘ओके’ लिहिलं होतं. दुसऱ्याने हिंदीत लिहिलं होतं, ‘ओटीपी माँगेगा क्या अब, चोर.’

सरांनी तो मेसेज मला दोनदा वाचायला लावला. “मले चोर म्हणते?” ते म्हणाले. मग उठले, पिशवी घेतली. “चल. जाऊन सांगू.”

शेठनी अडवलं नाही. उलट स्वतः दवाखान्यात फोन करून पत्ते मागवले आणि यादीतला उधना-डिंडोलीचा अर्धा भाग स्कूटर काढून स्वतः घेतला, हेही सांगायला हवं. लिंबायत आणि कडोदरा आमच्याकडे आलं.

लिंबायतला पहिलं घर एका शिंप्याचं. त्याच्याकडे चांगला मोठा फोन होता. सरांनी विचारलं, काल मेसेज नाही मिळाला? नेट संपलं होतं, म्हणाला, सकाळी रिचार्ज मारला. त्याने फोन उघडला, तर मेसेज येऊन पडलेला होता, चिन्हासकट. “हा? हा तर जाहिरातीचा आहे ना? असा फोटोवाला आला की मी ब्लॉकच करतो,” तो म्हणाला. त्याच्या खालीच सरांचा एसएमएस होता. तोही उघडलेला नव्हता. “अनोळखी नंबर होता.”

दुसऱ्या घरी नंबर मुलाचा दिलेला होता. मुलगा भरूचला नोकरीला गेला होता आणि बापलेक बोलत नव्हते. मेसेज मुलाकडे पोचला होता. ‘ओके’ त्यानेच पाठवलं होतं.

“पण त्याने तुम्हाला सांगितलं नाही?” सरांनी विचारलं.

म्हातारा दुसरीकडे बघत म्हणाला, “ओके म्हणला ना? मग झालं.”

बाहेर आल्यावर सर बराच वेळ रिक्षा न थांबवता चालत राहिले. मला ऊन लागत होतं, मी ओढणी डोक्यावर घेतली.

कडोदऱ्याला पोचेपर्यंत दुपार झाली. लूमच्या कारखान्यांमागे खोल्यांची ओळ होती आणि आवाजाने भिंतीसुद्धा थरथरत होत्या. तिथे जालन्याकडची एक म्हातारी सुनेजवळ राहायची. सून घरातच साड्यांवर खडे चिकटवत होती. म्हातारी दारात बसली होती, दोन्ही डोळ्यांत दुधासारखं पांढरं. सरांनी मोठ्याने निरोप सांगितला. उद्या यायचं, शनिवारी नाही. थेंब आजपासून.

“आवं, मोबाइल वाजला व्हता सकाळी,” म्हातारी म्हणाली. तिने कमरेच्या पिशवीतून बटणांचा फोन काढून सरांच्या हातात दिला. सरांचा मेसेज त्यात होता. व्यवस्थित पोचलेला, सत्तर जागांत, पूर्ण. त्याच्या वरखाली जाहिरातींचे शेकडो मेसेज, एकही न उघडलेला.

“मग वाचून नाही घेतला कुणाकडून?”

“रोज धा येळा वाजतंय ते. किती येळा सुनंला उठवू? तिचं काम ऱ्हातं.”

सुनेने खडे चिकटवता चिकटवता वर न बघता सांगितलं, “त्यांना वाचता येत न्हाई. पण माझ्या फोनवर त्यांचा भाऊ गावाकडून बोलून पाठवतो, ते दिवसभर ऐकत बसतात. तुम्ही तसं बोलून का नाही पाठवलं?”

तेच हिरवं ॲप. सुनेने दाखवलंही. ‘अक्का, म्हशीला रेडकू झालं,’ असा एका म्हाताऱ्याचा आवाज त्या लूमच्या खडखडाटात निघाला. आजीने लगेच फोनच्या दिशेला तोंड वळवलं आणि अशी हसली, जणू भाऊ समोरच उभा आहे.

सर तिथल्या पायरीवर बसले. मला वाटलं, उन्हाचा त्रास होतोय, म्हणून मी पाणी मागितलं. पाणी त्यांनी हातात धरलं, प्यायले नाहीत.

“माहा मेसेज पोचला होता,” ते मला म्हणाले. “पोचलाच होता ना, पोरी? तू पाह्यलं.”

“हो सर, पोचला होता.”

“मग काहून?” ते म्हणाले. “मग काहून कळला नाही?”

मी यादीतला पुढचा पत्ता शोधायला लागले.

आम्ही संध्याकाळपर्यंत उरलेली घरं केली. गुरुवारी एकेचाळीसपैकी अठ्ठावीस जण आले. आजी सुनेचा हात धरून आली होती. सर सकाळपासून दवाखान्याच्या बाकावर बसून येणाऱ्याच्या नावापुढे खूण करत होते, आणि दुपारी तेरा नावं उरली ती घेऊन बराच वेळ तिथेच बसून राहिले.

आठवड्याने दवाखान्याच्या ट्रस्टींनी शेठना आणि सरांना बोलावलं. मी सोबत होते. ट्रस्टी वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी कुणाला दोष दिला नाही. एवढंच विचारलं, “पुढच्या शिबिराला कोणता मार्ग वापरू? जुना, नवा, की ते ॲप? भाऊ, तमे कहो. आ विषयमां तमारा जेटलुं कोई जाणतुं नथी.”

यातलं सरांइतकं कुणाला कळत नाही हे शेठनाही मान्य होतं, तेही सरांकडे बघायला लागले. मला वाटलं, आता सर पेजरची गोष्ट सांगतील, मालक नसलेल्या मेसेजची बाजू मांडतील.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले.

मी त्यांच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. मग तेच म्हणाले, “मला एक टेलिफोन आणि खुर्ची द्या. मी एकेकाला फोन करून सांगतो. ज्याला कळलं नाही, त्याला परत सांगतो.”

अशा रीतीने त्यांनी आमचं ऑफिस सोडलं. शेठना वाईट वाटलं. निरोपाच्या दिवशी त्यांनी सरांना एक शाल दिली आणि पायाही पडले, जे मी शेठना कुणाच्या बाबतीत करताना पाहिलेलं नव्हतं. सर दवाखान्याच्या एका कोपऱ्यात टेबल टाकून बसायला लागले. मी अधूनमधून जायची. रिसीव्हर खांद्यात धरून, यादी पुढ्यात घेऊन, तेच ते दहा-वीसदा सांगताना त्यांचा आवाज इतका मऊ झालेला असायचा की मला ते ऑफिसातले खोडणारे, तोडणारे सर आठवायचेच नाहीत. लोक पलीकडून काहीही विचारायचे. चप्पल घालून आलं तर चालेल का, बरोबर किती जण आणू, ऑपरेशन झाल्यावर रडलं तर टाका तुटतो का. सर सगळ्याला उत्तर द्यायचे, आणि माहीत नसलं तर उठून आत विचारून यायचे. माझे बाबा मला घ्यायला एकदा तिथे आले होते, तेव्हा त्यांची-सरांची ओळख झाली. बाबा घरी येऊन म्हणाले, असा गोड माणूस पाहिला नाही.

हे वर्षभर चाललं. मग दवाखान्याने आपोआप फोन लावणारी आणि उचलणारी यंत्रणा घेतली. रुग्ण वाढले होते आणि एकट्या माणसाला पुरं पडत नव्हतं, यात खोटं काही नाही. ट्रस्टी म्हणाले, लोकांना भाऊंच्या आवाजाची सवय झालीय, तर आवाज त्यांचाच घेऊ. यंत्रणा एका मोठ्या कंपनीची होती. सरांना एका काचेच्या खोलीत बसवून तीन दिवस बोलायला लावलं. सगळे वार, सगळे महिने, एक ते एकतीस आकडे. नमस्कार, धन्यवाद, मराठीसाठी एक दाबा. सगळं मराठीत, हिंदीत आणि त्यांच्या मोडक्या गुजरातीत.

शेवटी सहीसाठी एक इंग्रजी कागद आला, अकरा पानांचा. सर तो घेऊन माझ्याकडे आले.

“यात माझा आवाज कोणाचा होतो, ते वाचून सांग.”

मी दोनदा वाचला. एका कलमात आवाज त्यांचाच राहील असं होतं. पुढच्या कलमात तो कसा, कुठे, किती काळ वापरायचा ते कंपनी ठरवेल असं होतं. “सर, मला वाटतं तुमचाच राहतो,” मी म्हटलं, “पण…”

“पण काय?”

“नक्की कळत नाही.”

“मलाही,” ते म्हणाले. चष्मा पुसला, पुन्हा घातला. “नाही म्हटलं तर दुसऱ्या कुणाचा तरी घेतील. लोकांना तो ओळखीचा नसेल. मग फोन ठेवून देतील, चोर समजून.” आणि त्यांनी सही केली.

त्यानंतर महिन्याभरात ते बायकोला घेऊन अकोल्याला परत गेले. तिला इथल्या दमट हवेत गुडघ्यांचा फार त्रास व्हायचा. आमचे फोन होत राहिले, दर महिन्या-दोन महिन्यांनी. दवाखान्याचा विषय ते काढत नसत, मीही काढत नसे.

गेल्या वर्षी बाबांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. त्याच दवाखान्यात नाव घातलं. एका दुपारी मी कामावरून आले, तर बाबा खाटेवर गंभीर चेहरा करून बसलेले.

“आज तुना सरना फोन उना व्हता,” ते म्हणाले. “गुरुवारले ऑपरेशन शे म्हने, काही खाऊ नका. कितला गोड बोलना. मी इचारं, सर, बी.पी.नी गोयी सकायले लेवानी का नही? तर काही सांगं नही. मी परत इचारं. तो ‘धन्यवाद’ म्हने नि फोन कट करी टाका.” मग थोडं थांबून, “मन्हावर रागे भरना का व तो?”

मी त्यांना समजावलं की ते सर नव्हते, सरांचा आवाज भरून ठेवलेला आहे, मशीन फोन लावतं. बाबा ऐकून घेत होते, पण मला दिसत होतं की त्यांना ती सबब वाटतेय. शेवटी मी अकोल्याला फोन लावला आणि झालेलं सांगितलं.

“माझा आवाज? अजून?”

“हो सर.”

“आणि बाबांनी काय विचारलं म्हणालीस?”

“बी.पी.ची गोळी सकाळी घ्यायची का. उपाशी राहायचंय ना.”

“हां. ते मला नाही सांगता यायचं, डॉक्टरांनाच विचारावं लागेल. थांब, मी दवाखान्याला फोन करून विचारतो. तू चिंता करू नकोस.”

संध्याकाळपर्यंत त्यांचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून बाबांना घेऊन दवाखान्यात गेले. खिडकीवर रांग होती, तासभर उभं राहिलो, आणि नर्सने डॉक्टरांना विचारून सांगितलं की गोळी चुकवायची नाही, दोन घोट पाण्यासोबत घ्यायची. दाराबाहेर येऊन रिक्षा शोधत होतो तेवढ्यात सरांचा फोन आला. आवाज थकलेला, आणि वऱ्हाडी.

“अवं, कालपासून लावून राहिलो ना मी. तीनदा लावला. तिन्ही वेळा मीच उचलला. मराठीसाठी एक दाबा म्हणते. दाबलं. मंग म्हणते, तारीख जाणण्यासाठी दोन दाबा. मले तारीख नाही पाहिजे! मी म्हणलं, बाप्पा, मी बोलून राहिलो, मी, गोळीचं सांग. तर मले धन्यवाद म्हणते.”

मला हसू आलं. मग लक्षात आलं की ते हसत नाहीत, म्हणून मी आवरलं.

“सर, मी आत्ताच विचारून आले. गोळी घ्यायची, दोन घोट पाण्यासोबत.”

“घ्यायची ना? बरं झालं. बरं झालं तू गेलीस.” त्यांचा श्वास खाली बसल्याचं मला ऐकू आलं. “बाबा आहेत का तिथं? दे त्यांना.”

मी फोन बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो कानाला घट्ट लावला आणि पहिलंच वाक्य टाकलं, “सर, मन्हावर रागे भरनात का तुम्ही?”

पलीकडून सर काहीतरी सांगायला लागले. मला तुटक तुटक ऐकू येत होतं. तो मी नव्हतो. म्हणजे होतो मीच, पण तेव्हाचा. नाही, तुमचं ऐकू येत नव्हतं त्याला. त्याला म्हणजे मला. रस्त्यावर टेम्पोंचे हॉर्न चालले होते, बाबा मधूनमधून “हां, हां” करत होते, आणि सर पुन्हा पहिल्यापासून सांगत होते. मी दोन रिक्षा सोडल्या. कितीतरी वेळाने बाबांनी फोन माझ्याकडे दिला, तोवर तो बंद झाला होता.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“काहीच समजनं नही,” बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा कालपासून पहिल्यांदा मोकळा झाला होता. “पन रागे भरेल नही शे तो.”